मग तुम्ही विकता काय?

"माल तुमचा नाही. तो तुम्ही बनवतही नाही. काम झालं की ज्याचा त्याला परत देता. मग मॅडम, तुम्ही विकता काय?"

बँकेतल्या साहेबांनी हे खवचटपणे विचारलं नव्हतं. नवीन भट्टीसाठी ४० लाखांचं कर्ज मागायला मी गेले होते. समोर आमचा ४२ पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट पडला होता आणि तो चाळूनही त्या माणसाला आमचा धंदा कळला नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. मी म्हटलं, "सर, आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे." त्यांनी विचारलं, "म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे मटेरियलची प्रॉपर्टी इम्प्रूव्ह करतो." त्यावर शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं मान वर केली. बँकेत प्रॉपर्टी म्हणजे सातबारा, नाहीतर फ्लॅट.

साहेबांनी उद्यम नोंदणीचा कागद पुढं ओढला. त्यावर आमच्या धंद्याचा कोड २५९२० आणि त्यापुढं एक इंग्रजी ओळ, मशिनिंग, ट्रीटमेंट अँड कोटिंग ऑफ मेटल्स. "कोटिंग म्हणजे रंगकाम का?" नाही सर. "मग मशिनिंग?" तेही नाही. "बरं, फाउंड्री?" कोल्हापुरात हा प्रश्न यायचाच. इथं शिरोली म्हटलं की फाउंड्री आणि शिवाजी उद्यमनगर म्हटलं की लेथ. ओतायचं नाहीतर कातायचं, या दोन्हींच्या पलीकडं लोखंडाशी आणखी काही करता येतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं. मी तीनदा मान हलवली आणि चौथ्यांदा काय बोलावं ते सुचेना. "मिस्टरांना घेऊन या," साहेब म्हणाले. ते मला लागलं.

लागायचं कारण असं की २०११ पासून या धंद्याचा हिशेब मी लिहिते. कुणाचा किती किलो माल आला, किती गेला, कुणाची बिलं थकली, सगळं तोंडपाठ. कार्बुरायझिंगचा दर आणि टफनिंगचा दर झोपेतही सांगेन. पण भट्टीत नेमकं होतं काय आणि त्याचे लोक पैसे का देतात, हे दोन वाक्यांत सांगायची वेळ अकरा वर्षांत माझ्यावर आली नव्हती. येणारा गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन येतो. त्यावर ५८ ते ६२ एचआरसी असा कडकपणाचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा मी वहीत उतरवते. संपलं.

घरी येऊन आधी रिपोर्ट उघडला. पहिल्याच पानावर आमच्या सल्लागारानं लिहिलं होतं, "कॉम्प्रिहेन्सिव्ह थर्मल प्रोसेसिंग सोल्यूशन्स." व्हिजिटिंग कार्डावरही सोल्यूशन्स, गेटवरच्या पाटीवरही सोल्यूशन्स. मी छापायला दिलं तेव्हा ते भारदस्त वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता वाटलं, ही पाटी काढून पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्याच्या दारावर लावली तरी चालेल.

रात्री नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला सांगा बघू, आपण काय करतो?" तो जेवत होता. म्हणाला, "ऑस्टेनाइट करून क्वेंच मारतो, मार्टेन्साइट होतं, मग टेंपर करतो." मी म्हटलं, "हे साहेबांना सांगू?" तो म्हणाला, "मग काय सांगणार? तेच तर करतो." त्याचं चुकत नव्हतं. तो मेटलर्जीचा डिप्लोमावाला, पुण्यात चौदा वर्षं भट्टीवर काढलेला. त्याच्या डोक्यात शब्द आणि वस्तू यांच्यात फटच नाही. तो मार्टेन्साइट म्हणतो तेव्हा त्याला ते दिसतं. मला मात्र ताटातली आमटी दिसत होती.

सासूबाई बाजूला भाकरी करत होत्या. त्या राधानगरीकडच्या. त्यांनी तव्यावरून नजर न काढता विचारलं, "कोयत्याला पानी पाजत्यात त्येच न्हवं?"

आम्ही दोघंही थांबलो.

"आगं, आमच्या गावात लव्हार न्हाई व्हय? पेरणीआधी पहार, कुदळ शेवटून आणायची. सुगीला खुरपी, विळं. लोखंड लाल करायचं, ठोकायचं, आन् पाण्यात बुडवायचं. चर्रर्र करतंय बघ. पानी पाजलं न्हाई तर कोयता उसाच्या दोन मोळीत मुडपतोय. आन् लई पाजलं तर काचंगत तुकडं पडत्यात. म्हणून परत जरा शेकायचा."

तापवणं, बुडवणं, शेकणं. हार्डनिंग, क्वेंचिंग, टेंपरिंग. बाईनं चार वाक्यांत आमचा अख्खा कारखाना सांगून टाकला होता आणि तेही भाकरी करपू न देता.

नवऱ्याला मात्र ते पचलं नाही. "पाणी कुठलं? आपण तेल वापरतो. पाण्यात घातलं तर अर्ध्या मालाला तडे जातील." हेही खरं. पाणी फार झपाट्यानं उष्णता ओढतं. साधं कार्बनचं पोलाद असेल तर ते लागतं, पण क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलेल्या जातींना तेलाचा वेग पुरतो आणि पाण्याचा झटका सोसत नाही. मी म्हटलं, "पाणी पाजणं हा वाक्प्रचार आहे हो. तलवारीला पाणी असतं म्हणजे काय ती ओली असते?" तो गप्प झाला, पण त्याला पटलेलं नव्हतं. हा वाद अजून मिटलेला नाही. त्यावर शेवटी येते.

त्या रात्री मी एका जुन्या वहीत लिहायला बसले. ठरवलं की इंग्रजी शब्द आला की थांबायचं आणि त्या जागी काय घडतं ते लिहायचं. हार्डनिंग या शब्दापाशी लिहिलं, "भाग ८५० अंशांच्या आसपास तापवतो. तेव्हा तो लालभडक असतो आणि त्याला चुंबक चिकटत नाही." चुंबकाची गोष्ट नवऱ्यानंच सांगितली. साधारण ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला ओळख दाखवत नाही. मला हे अकरा वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन मी ते स्वतः करून बघितलं. लांब सळईला बांधलेलं चुंबक आणि भट्टीतून काढलेला लाल तुकडा. चिकटलं नाही. तुकडा काळवंडत गेला आणि एकदम टक्क करून चुंबक ओढलं गेलं. भट्टीवरची पोरं हसत होती, वहिनींना काय झालंय म्हणून.

टेंपरिंग सोपं गेलं. सासूबाईंचं "शेकणं" तसंच ठेवलं. अडले कार्बुरायझिंगपाशी. आमचा निम्मा धंदा त्याचाच, गिअर आणि शाफ्ट. गिअरचा दात बाहेरून कडक हवा, कारण तो दुसऱ्या दातावर घासतो. पण आतून चिवट हवा, नाहीतर ट्रॅक्टर दणक्यानं उचलला की दातच उडेल. म्हणून मुळात कमी कार्बनचं पोलाद घ्यायचं, ते ९२० अंशांच्या आसपास कार्बन असलेल्या गॅसमध्ये तासन्‌तास ठेवायचं, मग कार्बन बाहेरून आत शिरतो, मिलिमीटरभर. तेवढीच साल कडक होते. हे सगळं मला माहीत होतं, पण लिहायला घेतलं की परिच्छेद लांबत जायचा.

शब्द सापडला तो लोणच्याच्या बरणीपाशी. जून महिन्यात घातलेलं लोणचं मी हलवत होते. एक फोड कापून बघितली. कडेला पिवळी, मीठ-मसाला शिरलेला, मधे अजून पांढरी. मुरली नव्हती. मी बरणी तशीच ठेवून वहीकडं गेले आणि लिहिलं, "कैरीच्या फोडीत मीठ मुरतं तसा पोलादात कार्बन मुरवतो. फक्त सालीपुरता. आतला गर तसाच ठेवतो."

हा शब्द नवऱ्यालाही आवडला. पाणी पाजण्यावर नाक मुरडणारा माणूस मुरवण्यावर खूश. कारण, तो म्हणाला, मुरणं हे शास्त्रातसुद्धा तसंच चालतं. गरम जास्त तर मुरणं लवकर, आणि जितकं खोल जावं तितका वेग कमी. खोली दुप्पट करायची तर वेळ चौपट लागतो. इथं माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, कारण दर वर्षी दोन-तीन गिऱ्हाइकं याच मुद्द्यावर फोनवर भांडतात. अर्ध्या मिलिमीटरचं एक मिलिमीटर केलं तर दर दुप्पट लावा, तुम्ही त्याहून जास्त कसा लावता? मी आजवर "तसंच असतंय साहेब" म्हणायचे. आता म्हणते, "दादा, लोणचं पहिल्या आठवड्यात जेवढं मुरतं तेवढं दुसऱ्या आठवड्यात मुरत नाही. भट्टी मात्र दोन्ही आठवडे तेवढीच वीज खाते." तेव्हापासून हे भांडण दोन मिनिटांत मिटतं. काही जण तरीही घासाघीस करतात, पण ती निदान कळून केलेली.

लिहिलेलं पान तीन माणसांना वाचून दाखवायचं ठरवलं. एक अट घातली, वाचून झाल्यावर चहा द्यायचा आणि मग म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. "कळलं का" असं विचारायचं नाही. कळलं का विचारलं की आपल्याकडं माणूस "हो" म्हणतो. पाहुण्याला "पोट भरलं का" विचारावं तसंच ते.

पहिला आमचा टेंपोवाला. दहा वर्षं आमचा माल वाहतोय. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "म्हणजे चकचकीत माल येतो आणि काळा होऊन जातो. बाकी काय फरक दिसत नाही बघा." मी आधी चिडले, मग बसून विचार केला. तो दिसेल तेच सांगत होता. लेथवरून आलेली पिन आरशासारखी असते. आमच्याकडून जाते ती काळपट, तेलकट. ज्याला आत काय झालं ते ठाऊक नाही त्याच्या दृष्टीनं आम्ही पैसे घेऊन वस्तू खराब करून देतो! आमच्या कामाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, ही गोष्ट पानावर कुठंच नव्हती. ती आधी सांगायला हवी होती. मी लिहिलं, "भाग दिसायला सुधारत नाही, उलट काळा पडतो. फरक कळतो तो वापरल्यावर."

दुसरी आठवीतली पुतणी. तिनं सगळं बरोबर सांगितलं, पण शेवटी म्हणाली, "काकी, पण कडक म्हणजे चांगलं ना? मग परत शेकून कमी का करता?" म्हणजे शेकण्याचं कारण मी गृहीत धरलं होतं. तिला मी चिक्की दिली. चिक्की वाकवून बघ म्हटलं. कट्टकन तुटली. "कडक आहे ना? पण वाकत नाही, तुटते. आम्हाला कडक हवं पण चिक्कीसारखं नको." हे पानावर घेतलं नाही, कारण गोडाधोडाची उदाहरणं फार झाली की कागद रेसिपीसारखा दिसायला लागतो. पण बोलताना वापरते.

तिसरे आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "हे तर आमच्यासारखंच की. ज्वारी तुमची, दळणाचं पैसं आमचं." मी अक्षरशः उठून उभी राहिले. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. माल तुमचा नाही, मग तुम्ही विकता काय? गिरणीवाल्याला कोण विचारतं, ज्वारी कुणाची म्हणून? जॉबवर्क म्हणजे दळण. माल चलनावर येतो, चलनावर जातो, आमच्या स्टॉकमध्ये तो कधी दिसणारच नाही. बँकेनं बघायचं ते गिरण चालते का आणि दळणाला रांग आहे का.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग मी घाई केली.

नवरा एका लग्नासाठी चार दिवस सांगलीला गेला होता. मी उत्साहाच्या भरात पेंटरला बोलावून गेटवरच्या सोल्यूशन्सवर पांढरा रंग मारला आणि लाल अक्षरांत लिहून घेतलं, "लोखंड कडक करून मिळेल." किती सोपं! दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांसाठी पिना बनवून घेतल्या होत्या त्यांनी, दोनशे नग. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन. सीझनमध्ये या पिनेची काय हालत होते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. दोन ट्रॉल्या, ऊस लादलेला, खड्ड्यातून चालल्या की सगळा दणका त्या एका पिनेवर. म्हणाले, "पाटी वाचली. कडक करून द्या." मी चलन घेतलं, पोरांना सांगितलं, पोरांनी नेहमीच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी जाणाऱ्या मालात, घातल्या. कोणतं लोखंड आहे हे कुणी विचारलं नाही. नवरा असता तर त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला असता.

पिना बाहेर आल्या, काळ्या झाल्या, पण कडकपणा मोजायच्या रॉकवेलच्या मशीनवर काही आकडाच येईना. साधं माइल्ड स्टील होतं ते. त्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. कडक व्हायला पोलादात मुळात कार्बन लागतो. ईएन एटसारख्या जातीत तो ०.४ च्या आसपास असतो, तिथं काम होतं. यात नव्हताच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "विरी गेलेल्या पिठाची भाकरी हुतीय व्हय? कितीबी थाप." जुन्या पिठात चिकटपणा उरत नाही, थापताना कडा फाटतात. तुम्ही तवा कितीही तापवा.

ते गृहस्थ भडकले, आणि का भडकू नयेत? "पाटीवर काय लिहिलंय? लोखंड कडक करून मिळेल. हे लोखंड न्हाई तर काय लाकूड हाय?" मी वाचली ती पाटी परत, त्यांच्यासमोर उभी राहून. ती सोपी होती, आणि खोटी होती. सोल्यूशन्स निदान कुणाची फसवणूक करत नव्हतं, कारण ते कुणाला कळतच नव्हतं.

नवरा आल्यावर आम्ही त्याच पिना आमच्या खर्चानं मुरवायला ठेवल्या. कमी कार्बनच्या लोखंडाला वरून कार्बन देणं हाच तर उपाय. साल कडक झाली, पण सोळा पिना वाकल्या त्या वाकल्याच. त्यांचे पैसे भरून दिले. नवरा मला काही बोलला नाही. फक्त पाटीकडं बघून म्हणाला, "पाणी तरी बरं होतं." पेंटरला परत बोलावलं.

मग तो कागद पुन्हा लिहिला, या वेळी आम्ही दोघांनी मिळून. तो प्रत्येक वाक्यावर आडवा यायचा आणि मी प्रत्येक शब्दावर. मी लिहिलं होतं, "झटका बसला तरी तुटत नाही." तो म्हणाला, असं कुठं असतंय? सगळंच तुटतं. "सहजासहजी" घाल. मी घातलं. त्याला "एकसमान सूक्ष्मरचना" हवी होती. मी म्हटलं, सूक्ष्मरचना बँकेतल्या साहेबांच्या खिशात मावायची नाही. ती काढली. शेवटी उरलं ते असं:

"ट्रॅक्टरचे, पंपांचे, ऊसवाहतुकीच्या गाड्यांचे लोखंडी भाग बनवणारे कारखानदार आपले तयार भाग आमच्याकडं पाठवतात. आम्ही ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, तेलात बुडवून झटकन थंड करतो आणि पुन्हा मंद आचेवर शेकतो. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेच हे काम, पण तापमान आणि वेळ मोजून, एका वेळी शेकडो नगांना सारखं. काही भागांच्या सालीत आधी कार्बन मुरवतो. भाग दिसायला काळा पडतो, पण लवकर झिजत नाही आणि सहजासहजी तुटत नाही. माल गिऱ्हाइकाचा असतो, आम्ही किलोवर मजुरी घेतो, गिरणीत दळणाची घेतात तशी. कडकपणा किती आला ते मशीनवर मोजून लिहून देतो. भाग कोणत्या पोलादाचा आहे ते आधी सांगावं लागतं, कारण प्रत्येक लोखंड पाणी धरत नाही."

बँकेत गेले तेव्हा कागदाबरोबर पिशवीत तीन वस्तू होत्या. एकाच पोलादाच्या दोन पिना, एक कोरी आणि एक आमच्या भट्टीतून आलेली, आणि एक कानस. साहेबांनी कागद वाचला. मी काही बोलले नाही. कानस त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "सर, ही घासून बघा." कोऱ्या पिनेवर कानस चावली, टेबलाच्या काचेवर चुरा पडला. दुसरीवर घासली तर नुसती सटकली, किर्र आवाज करत, काचेवरून सटकावी तशी. त्यांनी परत घासली, जोर लावून. मग क्लार्कला बोलावलं. मग क्लार्कनं घासली. एका सरकारी दिसणाऱ्या टेबलाभोवती चार माणसं पिना घासत उभी होती आणि रांगेतली एक आजी विचारत होती, काय वाटतायत इथं?

त्यानंतर साहेबांनी विचारलेले प्रश्न ऐकून मला बरं वाटलं, कारण ते पहिल्यांदाच धंद्याबद्दलचे प्रश्न होते. चार्ज भट्टीत असताना वीज गेली तर काय? गिऱ्हाइकाचा महागडा माल तुमच्याकडून बिघडला तर भरपाई कोण देतं? पाच मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकानं स्वतःची भट्टी टाकली तर? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं सोळा पिनांचं ताजं उत्तर होतं, ते मी दिलं. लपवून काय करणार! कर्ज चाळीसचं नाही, बत्तीसचं झालं. बाकीचे आम्ही उभे केले.

हा कागद सगळीकडं चालतो असं मात्र नाही. पुण्याच्या मोठ्या कंपनीचा खरेदीवाला आला की मी मुरवणं, पाजणं काही काढत नाही. त्याला केस डेप्थ, कोअर हार्डनेस, टेस्ट सर्टिफिकेट हेच शब्द लागतात आणि ते त्याच्यासाठी सोपेच आहेत. त्याला लोणचं सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडं जाईल. मला आता राग येतो तो मधल्या भाषेचा, जी ना भट्टीवरच्या पोराची ना इंजिनिअरची. सोल्यूशन्स ही त्यातलीच. ती कुणाशीच बोलत नाही, नुसती इस्त्री करून उभी असते.

धंद्यातल्या ओळखीच्यांनी टिंगल केली ती वेगळीच. नवीन पाटीवर आम्ही लिहिलंय, "पोलादी भागांना पाणी पाजून मिळेल (मोजून)." खाली बारीक अक्षरांत, हीट ट्रीटमेंट, आणि "कोणतं पोलाद ते सांगा." शेजारच्या शेडवाले म्हणाले, "काय वहिनी, पाणपोई काढली का?" म्हणू देत. त्यांच्या स्वतःच्या पाटीवर "प्रिसिजन एक्सलन्स" लिहिलंय आणि आत काय चालतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर एक म्हातारे लोहार आले. भुदरगडकडचे. मुलाकडं शिरोलीत आले होते, रस्त्यानं जाताना पाटी वाचली म्हणाले. गोणपाटात सहा कोयते होते. ऊसतोड सुरू झालेली. "पाजता तर दावा मला," म्हणाले. नवऱ्यानं आत नेलं. मी मागं गेले. म्हाताऱ्यांनी आधी कोयता ग्राइंडरला लावला आणि उडणाऱ्या ठिणग्या बघून म्हणाले, "कमानपाट्याचं हाय. चांगलं पानी धरतंय." ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे आणून त्यांचे कोयते करतात. त्यात कार्बन भरपूर. ग्रेड आधी सांगा म्हणून मी पाटीवर लिहिलंय, आणि हा माणूस ठिणगीच्या फुलांवरून ग्रेड सांगत होता.

मग तास-दीड तास दोघं बोलत राहिले. म्हाताऱ्यांनी शेकण्याचे रंग सांगितले. घासून उजळ केलेल्या धारेवर आधी वाळल्या गवताचा पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार राहते पण टवके उडतात, निळ्यावर गेलं तर चिवट पण धार लवकर बसते. कोयता मधे कुठंतरी धरायचा. नवऱ्यानं त्यांना पॅनेलवरचे आकडे दाखवले. दोनशे वीसच्या आसपास पिवळा, तीनशेला निळा. म्हातारे प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते, जुनी ओळख निघावी तसे.

शेवटी ते टाकीपाशी गेले, वाकून आत बघितलं, बोट बुडवून वास घेतला. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, पानी कुठाय?"

"तेल आहे, बाबा."

"मग भाईर पानी का लिवलंय?"

नवरा इतका हसला की त्याला पॅनेलला टेकावं लागलं. दीड वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता.

कोयते दुसऱ्या दिवशीच्या चार्जमध्ये गेले. पैसे घ्यायचे नाहीत असं नवऱ्यानं ठरवलं, पण माल आत आला की कागद हवाच, म्हणून मी चलन फाडलं. वर्णनाच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. मग लिहिलं, "कोयते, ६ नग. तेलातलं पाणी."